मामांची प्यादेमात

नाशकात बुद्धिबळ खेळणारे पुष्कळ असतील, पण समोरच्यानं पहिलं प्यादं सरकवताच त्याची कुंडली मांडणारे एकटे माझे मामेसासरे. मखमलाबादला त्यांची गुलाबाची शेती. सकाळी फुलं बाजारात टाकायची आणि परतताना आमच्या ओट्यावर पट उघडायचा, हा नव्वदच्या दशकातला त्यांचा नेम. मला हरवून झालं की माझी तपासणी सुरू व्हायची. "जावईबापू, तुमचा घोडा चांगला हाय. पण तुमी लय भेता. उंट घरातच बसून ऱ्हातो तुमचा." हे ते माझ्या सासऱ्यांसमोरही सांगत.

स्वतःचे गुणदोषही ते तितक्याच कठोरपणे तपासत, फक्त त्यात दोष सापडत नसे. खरं तर तो अख्ख्या गल्लीला पाठ होता. जुन्या देशी खेळात प्याद्यानं दिलेली मात सगळ्यांत मानाची. त्या मानापायी मामा वजिरानं होणारी मात सोडून देत, एखादं प्यादं गोंजारत पुढे नेत, आणि तेवढ्यात समोरचा डाव उलटवी. प्यादेमात त्यांना जन्मात साधली नव्हती. मला मात्र ते सरळ वजिरानं उडवत; माझ्यावर प्यादं खर्चावं एवढी माझी लायकी नव्हती.

धाकट्या मुलीच्या लग्नाचं निघालं तेव्हा मामांनी जाहीर केलं, "मला हरवंल त्यालाच पोरगी." बघायला आलेली मुलं पोहे खाऊन, हरून परत जाऊ लागली. मग सटाण्याचा एक शिक्षक आला. तो आपल्याला फार आवडल्याचं मुलीनं मामींना सांगितलं आणि मामींनी सगळ्यांना. पण मामांचा शब्द म्हणजे शब्द. पट मांडला गेला. मुलगा घामाघूम, मुलगी दारात बशी घेऊन उभी. मी वाकून पाहिलं तर मामांचं प्यादं राजाच्या तोंडाशी! एक घर सरकलं की मात. मामांचा हात प्याद्यावर गेला. त्यांनी दाराकडे पाहिलं, आणि हत्ती उचलून भलतीकडेच ठेवला. थोड्या वेळानं ते हरले.

पाहुणे गेल्यावर मी हळूच विचारलं, "मामा, प्यादेमात दिसली नाही का?"

"दिसली ना. लय झ्याक दिसत होती." सोंगट्या डब्यात भरत ते म्हणाले, "एक खोट हाय आपल्यात, जावईबापू. पोरगी समोर असली का डाव नाय सुचत."

लग्नानंतरही मामा येत राहिले. पण ऐन रंगात आलेल्या डावात मध्येच विचारायचे, "सटाण्याहून फोन आलता का तुमच्याकडं?" मी नाही म्हटलं की कितीतरी वेळ पटाकडे नुसते बघत बसायचे. अशा वेळी त्यांना हरवणं अगदी सोपं होतं. माझं मनच व्हायचं नाही.