आईने उतरवलेलं सूत्र

२०२०च्या फेब्रुवारीत आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आयर्लंडमधल्या ओंगारला आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकून पडली. मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून ऑफिस करायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्मभर फळा लिहिलेली आई खिडकीत बसून राहायची.

शेजारी सत्तरीच्या एक जपानी बाई राहत. आयरिश नवरा गेल्यापासून एकट्याच. ऊन पडलं की बागेत बसून त्या कुंचल्याने काहीतरी लिहीत.

"तिले विचार न, काय लिहून राह्यली ते," आई म्हणाली.

मी कुंपणापाशी जाऊन विचारलं. त्या बुद्धाचं सूत्र उतरवत होत्या. जपानात साधी माणसंसुद्धा असं उतरवतात, शेवटी कुणाच्या तरी नावाने अर्पण करून कागद मंदिरात देतात, असं त्यांनी सांगितलं. आम्हीही बौद्धच. आई उठलीच. "तिले सांग, मलेही लिहाचं आहे."

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून ट्रे आला. कुंचला, शाईची कांडी, चंदनासारखी ती उगाळायला दगड, सूत्राचा नमुना आणि त्यावर ठेवून गिरवायचे पातळ कागद. एकही अक्षर वाचता येत नसताना आई वरून खाली, उजवीकडून डावीकडे लिहू लागली. पाठ ताठ, ओठ घट्ट मिटलेले.

कागद संपत आला आणि एक अक्षर चुकलं.

"शेजारी ठिपका द्या, बरोबर अक्षर समासात लिहा," बाई म्हणाल्या. "असंच करतात. ग्रँड आहे." इथे 'ग्रँड' म्हणजे 'चालतंय'.

मी ते आईला सांगितलं. "पोट्ट्याइच्या वहीत खाडाखोड चालू देल्ली नाही मी, मंग माह्या कागदावर काहून चालू देऊ?" तिने नवा कागद घेतला.

तिसरा कागद निर्दोष उतरला. अर्पणाची ओळ कुठल्या भाषेत लिहायची, असं तिने विचारायला लावलं. "त्यांच्या," आईकडे पाहत बाई म्हणाल्या. आईने मराठीत आपल्या आईचं नाव लिहिलं. माझी ती आजी अंगठा लावायची. तिचं नाव इतक्या देखण्या अक्षरात मी प्रथमच पाहत होते. बाईंनी दोन्ही हातांनी कागद घेतला आणि कमरेत वाकून आईला नमस्कार केला.

पुढच्या वर्षी आई नागपूरला परतल्यावर बाईंच्या जपानातल्या बहिणीने तो कागद तिथल्या नाराच्या एका मंदिरात ठेवल्याचं कळलं. सोमवारच्या मीटिंगमध्ये, कुणी विचारलं नसताना, मी ते सगळ्या टीमला सांगितलं.