यात विमान उडेल का?

सावळीराम गांगुर्डे एकतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात होते आणि एकदाही विमानात बसले नव्हते. हे कळलं की माणसं हसत, आणि माणसं हसली की सावळीरामांचं डोकं फिरे. आधी ते फिटर होते, मग इन्स्पेक्टर झाले. पंखांच्या आतले दांडे आणि तारा तपासायच्या, पटलं नाही की लाल चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर कारण लिहायचं, खाली तपासणाऱ्याचं नाव घालायचं आणि माल परत पाठवायचा. त्या लाल चिठ्ठीला सगळं खातं वचकून असे. एकदा यादव नावाच्या फिटरने एक दांडा नुसता मोकळा हलवून पाहिला आणि पास म्हणून पुढे ढकलला. सावळीरामांनी तो सगळ्यांदेखत परत केला. वर गेल्यावर भार येतो, तर भार टाकूनच तपासायचं, हे त्याला आठवडाभर ऐकवलं. पुढे त्याच यादवशी त्यांची घट्ट दोस्ती झाली, हा भाग वेगळा.

नवीन विमान पहिल्यांदा उडायचं त्या दिवशी सावळीराम धावपट्टीच्या कडेला तारेच्या जाळीपाशी जाऊन उभे राहत. चाकं जमिनीवरून सुटली की हात वर करत. एका पायलटने एकदा पंख हलवून त्यांना उत्तर दिलं होतं. आडगाव नाक्यावरच्या त्यांच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ही गोष्ट चहाबरोबर ऐकलेली होती. त्यांच्या पत्नी लताबाई गोष्ट सुरू झाली की कपबशा उचलून आत जात.

२००८ साली ते निवृत्त झाले. दिवाळीनंतर यादवकडे गेले, तर त्याच्याकडच्या कॉम्प्युटरवर विमान उडवायचा गेम होता. जगातली कुठलीही धावपट्टी निवडायची आणि तिथून उडायचं. यादव यादी खाली सरकवत होता, तेवढ्यात तीत ओझर दिसलं. सावळीरामांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. ओझरच होतं. विमान लढाऊ नव्हतं, दोन सीटचं बारकं होतं, पण त्याचं त्यांना काही नव्हतं. ते खुर्चीत सरसावून बसले आणि लोडशेडिंगची वेळ झाली. कॉम्प्युटर खटकन बंद पडला.

घरी येईपर्यंत त्यांचं ठरलं. ओझरच्या धावपट्टीवरून एकदा स्वतःच्या हाताने उडायचं. त्यासाठी लॅपटॉपच घ्यायचा, कारण वीज रोज जाते आणि लॅपटॉपला बॅटरी असते. लताबाईंनी मेथी निवडता निवडता तीस हजारांची परवानगी दिली आणि वर एक रुपया मिळणार नाही हेही सांगून टाकलं. यादवने गेमची सीडी उसनी दिली.

मग सुरू झाली ती नुसती वणवण. सावळीराम सीडी कापडी पिशवीत घालून कॅनडा कॉर्नरपासून नाशिक रोडपर्यंत दुकानांचे उंबरठे झिजवू लागले. त्यांचा प्रश्न एकच होता: यात विमान उडेल का? या साध्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्यायला अख्ख्या नाशकात कुणी तयार नव्हतं. पहिल्या दुकानात विचारलं, नातवासाठी घेताय का. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या दुकानात सावळीरामांनी आत शिरतानाच सांगितलं की नातू पुण्याला असतो, दोन वर्षांचा आहे आणि त्याला लॅपटॉप नको आहे. तिथला माणूस रॅम, हार्ड डिस्क आणि प्रोसेसर असं काहीबाही घडाघडा बोलला, झाकणाचा लाल रंग किती उठून दिसतो तेही सांगितलं. विमानाचं विचारल्यावर म्हणाला, सगळं चालतं काका. सावळीराम म्हणाले, चालवून दाखवा. तर म्हणे, सील फोडता येत नाही. सावळीरामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न तपासता पास करायची ही कुठली पद्धत!

एका ठिकाणी तेरा-चौदा हजारांत चिमुकला लॅपटॉप मिळत होता. त्यांना मोह पडला, पण सीडी घालायला त्याला जागाच नव्हती. दुसरीकडे सीडी गेली आत, पण पडद्यावरचं घड्याळ अर्धा तास फिरत राहिलं. आणखी एकीकडे विमान धावपट्टीवर आलं आणि आकाश काळं पडलं. तिथल्या मालकाने समजावलं की गेमला ग्राफिक्स कार्ड वेगळं लागतं, ते असलेला लॅपटॉप पंचेचाळीस हजारांच्या खाली येत नाही, आणि या वयात काका, पत्ते खेळा की, ते याच्यावर मस्त चालतात. सावळीराम तिथून उठले ते थेट नाक्यावर आले. घरी चपला काढतानाच त्यांनी सगळ्या कॉम्प्युटरवाल्यांचा उद्धार केला. जेवताना पुन्हा केला. महिनाभर हेच चाललं, आणि लताबाईंना त्या तीस हजारांपेक्षा या बडबडीचाच जास्त ताप झाला.

शेवटी नाशिक रोडला सविता नावाच्या बाईंचं दुकान सापडलं. त्यांच्याकडे शोकेसमध्ये मांडलेला एक लॅपटॉप होता, त्यात साधंसं का होईना, वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. मांडलेला म्हणून तो एकोणतीस हजारांत देणार होत्या. सीडी घाला म्हणाल्या. चित्रांची बारकाई कमी करून चालेल का, एवढंच विचारलं. झाडं, घरं नीट दिसणार नाहीत, पण विमान अडखळणार नाही. सावळीराम म्हणाले, झाडं मला बघायची नाहीत. त्यांनी दोन तास ठाण मांडून तपासणी केली. एकेक बटण दाबलं, खाली हात लावून किती तापतो ते पाहिलं, पंख्याचा आवाज कान लावून ऐकला. दिल्लीच्या धावपट्टीवरून विमान चार वेळा वर नेलं. ओझरला मुद्दाम हात लावला नाही. ते घरी उडवायचं होतं.

रविवारी सकाळी लॅपटॉपची हळद-कुंकू लावून पूजा झाली. जेवणं आटोपल्यावर सावळीरामांनी ओझर निवडलं. विमान धावपट्टीवर उभं राहिलं. त्यांनी वेग दिला, नाक उचललं, चाकं सुटली. त्याच क्षणी वीज गेली.

लॅपटॉप चालूच राहिला. सावळीराम विजयाने लताबाईंकडे वळून पाहणार, एवढ्यात विमान दचके खाऊ लागलं. एक चित्र, मग थांबणं, मग पुढचं चित्र. डावीकडचं बटण दाबलं तर विमान तीन दचक्यांनंतर वळायचं, तोवर नाक खाली गेलेलं असायचं. चौथ्या-पाचव्या दचक्याला ते शेतात आदळलं. पुन्हा उडवलं, पुन्हा आदळलं. त्यांनी सविताबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, बॅटरीवर लॅपटॉपची ताकद कमी होते, सगळ्यांचीच होते, गेम चार्जर लावूनच खेळायचा. हे आधी का नाही सांगितलं, म्हणून सावळीराम कडाडले. त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही एवढं सगळं तपासलंत, मला वाटलं माहीत असेल.

फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. दोन तास तपासलं, पण चार्जर लावून. ज्या लोडशेडिंगसाठी लॅपटॉप घेतला, ते लोडशेडिंग सोडून सगळं तपासलं. यादवला आठवडाभर ऐकवलेलं एकेक वाक्य त्यांना आठवलं आणि स्वतःचीच चीड आली. कपाटातून त्यांनी जुन्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. एका चिठ्ठीवर लिहिलं: भार न टाकता तपासणी. खाली तपासणाऱ्याचं नाव लिहिलं, सा. गांगुर्डे, आणि चिठ्ठी लॅपटॉपच्या वायरला बांधली.

चार वाजता वीज आली. पंखा फिरायला लागला, तरी ते जागचे हलले नाहीत.

"आता आलीये तर उडवा," लताबाई म्हणाल्या. "महिनाभर माझं डोकं खाल्लंत."

त्या पहिल्यांदाच शेजारी खुर्ची ओढून बसल्या. या वेळी विमान सरळ वर गेलं, एकदाही दचकलं नाही. सावळीरामांनी विमान हळूच वळवलं आणि खाली पाहिलं. त्यांना आकाश बघायचंच नव्हतं. धावपट्टीची कडा शोधायची होती, तारेची जाळी शोधायची होती. खाली नुसती तपकिरी जमीन होती. कारखाना नव्हता, जाळी नव्हती. त्यांनी आणखी खाली येऊन पाहिलं, पण जिथे ते एकतीस वर्षं उभे राहिले, तिथे काहीच नव्हतं.

"काय भंगार बनवलंय," ते चिडून म्हणाले. "माझी जागाच नाही दाखवलेली."

लताबाईंनी पडद्याकडे नीट निरखून पाहिलं. "अहो, इतक्या वरनं त्या पायलटला तरी तुम्ही कुठं दिसले असाल?"

एकतीस वर्षांत हे सावळीरामांच्या मनातही आलं नव्हतं. पंख हलला होता, हे खरं. तो कुणासाठी हलला होता, ते त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्यांनी विमान पुन्हा धावपट्टीच्या वर आणलं. कडेच्या त्या रिकाम्या जागेवरून जाताना पंख डावीकडे झुकवला. आणि तिथेच लॅपटॉप हँग झाला. विमान पंख झुकवून पडद्यावर तसंच थांबून राहिलं. लताबाई आता शिव्या ऐकायच्या तयारीने बसल्या होत्या, पण सावळीराम त्या झुकलेल्या पंखाकडे बघत राहिले. चहा होईपर्यंत त्यांनी लॅपटॉप बंद केला नाही.