वाफशाच्या मामी

इकडं ये गं पोरी, जवळ बस. उंबऱ्याला टेकून काय बसतेस पाहुण्यासारखी? आणि कुंडीतलं ते रोप पाणी घालघालून मारलंस ना? आमच्या वाफशाच्या मामींनी हातातला तांब्याच काढून घेतला असता तुझ्या!

मामी मूळच्या अकोले तालुक्यातल्या, डोंगरातल्या. यजमान नागापूरला कारखान्यात लागले म्हणून सावेडीत आमच्या चाळीत आल्या. पायात चप्पल कधी नाही. पाऊस उघडला की चाळीमागच्या मोकळ्या जागेत जायच्या, मूठभर मातीचा लाडू वळायच्या आणि कमरेच्या उंचीवरून सोडून द्यायच्या. लाडू थपकन बसला तर म्हणायच्या, "अजून न्हाई. जमीन निजलीया." फुटून भुगा झाला की वाफसा आला, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, जमीन अगदी खोदण्याजोगी. मग मात्र कुणाची गय नाही. दारोदार कड्या वाजवायच्या, "उठा गं बायांनो, दुपारपातुर ऱ्हाईल न ऱ्हाईल!"

ती जागा आम्हा सात घरांची. प्रत्येकीचा एकेक वाफा, खोदायचं मात्र सगळ्यांनी मिळून. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीचं वर्ष असेल. श्रावण संपता संपता घरमालक आले, बघतात तर नुसतं तण. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत इथं भाजी दिसली नाही, तर मी टेम्पोची शेड घालणार." आणि नेमक्या तेव्हाच मामी लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या!

मी नवी सून, अंगात नुसता जोर. दोन दिवस पाऊस लागला, तिसऱ्या दिवशी उघडला. मी म्हटलं, माती मऊ आहे, आत्ताच खोदू. सासूबाई म्हणाल्या, "मामींना येऊ दे की." ऐकतंय कोण! चिखलातच कुदळी मारल्या आम्ही. मग आठ दिवस कडक ऊन पडलं आणि त्या काळ्या मातीची ढेकळं विटांसारखी झाली. कुदळ मारली की टण्ण वाजायचं! दसरा तीन आठवड्यांवर. सातही घरांची भाजी माझ्यापायी जाणार म्हणून मला जेवण जाईना.

मामी आल्या त्या हातातली पिशवीही न ठेवता तशाच मागं गेल्या. ढेकूळ उचललं. "कुनाचं गं हे शहानपन?"

"माझं, मामी."

"लई ताकद हाय अंगात. बरं झालं, लागंलच ती आता." आणि चक्क हसल्या!

संध्याकाळी आडाचं पाणी काढलं. ओतू दिलं नाही त्यांनी, ढेकळांवर नुसतं शिंपडायला लावलं. दुसऱ्या दिवशी "अजून न्हाई." तिसऱ्या दिवशी सकाळी माझी भाकरी तव्यावर, आणि कडी वाजली! "आला गं, आला! कुदळी ठिवा, धोपाटनी आना!"

कपडे बडवायची धोपाटणी घेऊन सातजणी धावलो. काय सांगू तुला तो आवाज! एक फटका, की ढेकूळ भुस्स! सासूबाईंनीसुद्धा पदर खोचला. पुरुषमाणसं पळत आली, "भांडण लागलं का काय?"

"व्हय, जमिनीशी!" मामी ओरडल्या. "बगत काय हुबं ऱ्हायलाय? पानी आना प्यायला!"

दुपारपर्यंत माती रव्यासारखी मोकळी झाली. लगेच मेथी पेरली. पाचव्या दिवशी सकाळी जाऊन बघते तर हिरवी रेघ! मी अशी किंचाळले की सगळी चाळ गोळा झाली.

दसऱ्याला घरमालक आले, तर मामींनी त्यांच्या हातात कोवळ्या मेथीची जुडीच दिली. "दादा, शेडचं तेवढं दुसरीकडं बगा." ते जुडी घेऊन गेले. शेड काही झाली नाही.

दोन वर्षांनी मामी गावाकडं परत निघाल्या. मला म्हणाल्या, "माझा वाफा तुला. घाई करनारीला दोन वाफं लागत्यात. एकात चुकायचं, दुसऱ्यात शिकायचं." एस.टी. हलली तरी खिडकीतून ओरडून सांगत होत्या, मी मात्र रडण्यात काही ऐकलं नाही.

तेव्हापासून जिथं राहिले तिथं दोन वाफे केले. या घरामागंही आहेत. दुसरा तुझ्यासाठी मोकळा ठेवलाय बघ. चुकायला ये, पण लवकर ये गं.