चौथ्या पानावरचा बंटी

“हे खोटं आहे,” मनस्वी म्हणाली.

व्हिडिओ कॉलवर तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. मागे शिलाई मशीन आणि कॉटवर पडलेली आजी. लालबागच्या चाळीतली एक खोली. करोनाचं पहिलं वर्ष, शाळा बंद. मनस्वी राणे पाचवीत होती. आम्ही मुलांसाठी केलेली पुस्तिका मी तिला स्क्रीनवर पानापानाने दाखवत होते.

“काय खोटं आहे?”

“चौथं पान.”

मी हेल्थ एज्युकेटर होते. डॉक्टर नाही, नर्स नाही. डॉक्टरांचं म्हणणं लोकांना कळेल अशा भाषेत आणायचं, हे माझं काम. टीबी, डेंग्यू, पोलिओ, सगळ्यांची पोस्टरं आणि पत्रकं केली. एका आरोग्यसंस्थेत सव्वीस वर्षं हेच केलं. या कामात एक पायरी असते, प्री-टेस्ट. जे छापायचं ते आधी ज्यांच्यासाठी आहे त्यांना दाखवायचं आणि काय कळलं ते विचारायचं. बऱ्याच वेळा ती उरकली जाते. चार माणसं ‘छान आहे’ म्हणतात, रिपोर्टवर सही होते, फाइल प्रेसला जाते.

आमच्या पुस्तिकेत स्वच्छवीर नावाचा हीरो होता. हातात साबणाची ढाल. चौथ्या पानावर बंटी नावाचा मुलगा हात न धुता जेवायला बसतो आणि आजारी पडतो. स्वच्छवीर त्याला म्हणतो, ‘माझं ऐकलं असतंस तर ही वेळ आली नसती.’ संस्थेच्या कमिटीला हे पान सगळ्यात जास्त आवडलं होतं. मलाही काही वावगं वाटलं नव्हतं, हे आधीच कबूल करते.

“माझे पप्पा हॉस्पिटलमध्ये वॉर्डबॉय आहेत,” मनस्वी म्हणाली. “त्यांचे हात साबणाने सोलवटलेत. मम्मी खोबरेल लावून द्यायची. तरी त्यांना झाला. मग बंटीसारखं कसं?”

तिचे वडील आठ दिवसांपासून क्वारंटाइन सेंटरला होते, हे मला तेव्हा कळलं.

मी माझी प्रश्नांची यादी बाजूला ठेवली. विचारलं, “तुला या आजाराबद्दल अजून काय काय माहीत आहे?”

तिने घडाघडा सांगितलं. ऑक्सिजन चौऱ्याण्णवच्या खाली गेला की धोका. शुगर असलेल्या म्हाताऱ्या माणसांना जास्त त्रास. सेंटरला नेलेल्या माणसाचे कपडे जाळतात आणि फोन काढून घेतात. आलं-लिंबू घेतलं की होत नाही.

“हे कुणी सांगितलं?”

“कुणी नाय. ऐकलं.”

“कुठे?”

“मम्मी मावशीशी फोनवर बोलते ना. ती मालवणीत बोलते, तिला वाटतं मला कळत नाय. आणि गॅलरीत बायका बोलतात. कपडे जाळायचं शेजारच्या काकांच्या मोबाइलवर आलेलं.”

खरं आणि खोटं एकाच पिशवीत भरलेलं होतं. वेगळं करून द्यायला कुणी नव्हतं. समोर टीव्ही दिवसभर चालू, पण मुलगी आत आली की मोठी माणसं गप्प होत.

मग तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “मॅडम, वास यायचा बंद झाला तर किती दिवसांनी परत येतो?”

“कुणाला येत नाहीये?”

“असंच. पुस्तकात नाय म्हणून विचारलं.”

या कामात एक गोष्ट शिकले होते. ‘असंच’ विचारलेला प्रश्न क्वचितच असंच असतो. मी आवाज बदलला नाही. “बऱ्याच जणांना येतो परत. काहींना आठवड्यात, काहींना जास्त वेळ लागतो. आणि वास गेला म्हणजे त्या माणसाने काही चूक केली असं मुळीच नसतं. तुला कधीपासून येत नाहीये?”

तिने मागे वळून आजीकडे बघितलं. मग मोबाइल घेऊन मोरीत गेली आणि पडदा ओढला.

“तीन दिवस,” ती हळू आवाजात म्हणाली. “मम्मी सुकट भाजत होती. मला कायच नाय आलं.”

“मम्मीला सांगितलंस?”

“नाय. आमच्या मजल्यावर सगळे बोलतात, राण्यांनी आणला. आता मला पण नेलं तर मम्मी माझ्यासोबत येणार. आजीला इन्सुलिन कोण देणार?”

तीन दिवस ही मुलगी भिंतीकडे तोंड करून झोपत होती. ओढणी तोंडाला बांधून. स्वतःचं ताट स्वतः घासत होती, ग्लास वेगळा ठेवत होती. मम्मीला वाटलं, शहाणी झाली. ऐकीव तुकडे जोडून तिने आजीला वाचवायचा बंदोबस्त केला होता. तो अर्धा बरोबरही होता. उरलेला अर्धा सांगणारं कुणी असतं, तर तिने पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं.

“मनस्वी, मी तुला सगळं खरं सांगते. मग मम्मीला बोलाव. चालेल?”

“खोटं सांगितलं तर मला कळतं.”

“माहीत आहे.”

मी सांगितलं. कपडे जाळत नाहीत. फोन काढून घेत नाहीत, पण चार्जिंगला जागा कमी असते म्हणून पप्पांचा लागत नसेल. लहान मुलं बहुतेक बरी होतात. आजीला खरंच धोका आहे, म्हणूनच आजीची तपासणी आजच व्हायला हवी, लपवून ती सुरक्षित होत नाही. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, “म्हणजे सांगितलं तर आजीला जास्त चांगलं.”

“हो.”

तिने हाक मारली, “मम्मी, इकडे ये. ओरडू नको फक्त.”

मम्मी ओरडली नाही. खाली बसली. मी तिला वॉर्डातल्या ओळखीच्या डॉक्टरबाईंचा नंबर दिला. संध्याकाळी तिघींची तपासणी झाली. रिपोर्ट यायच्या आधीच, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाईंनी मोजला तेव्हा, आजीचा ऑक्सिजन नव्वदवर आला होता. तिला बेड मिळाला. आजीला दम लागल्याचं जाणवत नव्हतं, मोजला नसता तर उशिरा कळलं असतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या फार बोलणाऱ्या नव्हेत.

मी प्री-टेस्टचा रिपोर्ट लिहायला बसले. त्याआधी चार दिवस आणखी मुलांना व्हिडिओ कॉल केले. परळ, प्रभादेवी, शीव, अँटॉप हिल. पुस्तिका दाखवायची आणि मग विचारायचं, ‘यात काय नाहीये?’ मुलं बोलायची थांबेनात. मेलेल्या माणसाला घरी का आणत नाहीत. आईला झाला तर मला कोण ठेवून घेईल. मी बाबांच्या जवळ झोपलो म्हणून झाला का. शेवटचा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत जवळजवळ प्रत्येकाने विचारला होता.

रिपोर्टवर मी लिहिलं : पुस्तिका या स्वरूपात छापू नये. चौथं पान काढावं. मुलांचे प्रश्न सोबत जोडले आहेत, त्यांची उत्तरं द्यावीत.

आमचे प्रमुख कामत सर. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. ऑनलाइन मीटिंग घेतली.

“बाई, हे काय? मुलांना मृत्यूबित्यू सांगायचं? घाबरतील ती.”

“सर, घाबरलेलीच आहेत. मोठ्यांसमोर दाखवत नाहीत.”

“आईवडील सांगतील की त्यांना.”

“आईवडील त्यांच्यापासून लपवतात आणि ती आईवडिलांपासून लपवतात. लालबागच्या त्या खोलीत एक इन्सुलिनवरची म्हातारी होती.”

“एका केसवरून पुस्तिका थांबवायची? कमिटीने पास केलीये. प्रेसला वेळ दिलाय. तुम्ही ‘समाधानकारक’ लिहून सही करा. पुढच्या आवृत्तीत बदल करू.”

“समाधानकारक नाहीये.”

“तुमची दोन वर्षं राहिलीत. कशाला वाकड्यात शिरता?”

“सही करणार नाही, सर.”

मीटिंगमधल्या बाकी चौकोनांत सगळे आपापला माइक बंद ठेवून बसले होते. मी शब्द बदलला नाही. बोलून झाल्यावर स्वयंपाकघरात गेले आणि उगाचच ओटा पुसला.

पुस्तिका छापली गेली. सही दुसऱ्या कुणाची तरी होती. शाळा बंद, त्यामुळे गठ्ठे बराच काळ गोडाऊनमध्ये पडून होते.

मी थांबले नाही. मुलांचे प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरं असं चार पानांचं पत्रक घरच्या कॉम्प्युटरवर केलं. हीरो नाही, चित्रंही नाहीत. वैद्यकीय भाग डॉक्टरबाईंनी तपासला. जिथे उत्तर माहीत नव्हतं तिथे ‘हे अजून डॉक्टरांनाही माहीत नाही’ असं लिहिलं. आणि प्री-टेस्टसाठी मनस्वीला पाठवलं. तेव्हा आजी घरी आली होती, वडीलही.

तासाभराने तिचा व्हॉइस मेसेज आला. “मॅडम, तुम्ही लिहिलंय, ‘तुला आजार झाला तर ती तुझी चूक नाही.’ ते बरोबर आहे. पण आमच्याकडे पप्पा खोलीच्या बाहेरच पडत नाहीत. लोक बघतात म्हणून. त्यांना पण लागू होईल असं लिहा.”

मी लिहिलं : आजार कुणालाही झाला तरी ती त्याची चूक नाही. घरात ज्यांनी तो आणला असं लोक म्हणतात, त्यांचीही नाही.

पत्रक व्हॉट्सअॅपवर फिरलं. कुणीतरी झेरॉक्स काढून चाळींच्या नोटीस बोर्डांवर लावलं. मला मेमो आला : संस्थेच्या परवानगीशिवाय आरोग्यविषयक मजकूर प्रसारित केल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा मी एका ओळीत दिला. ‘मजकूर अचूक आहे, प्री-टेस्ट समाधानकारक.’ पुढे काही झालं नाही. तो मेमो अजून माझ्या सर्व्हिस फाइलला लागलेला आहे. काढून टाकण्यासाठी मी अर्ज केला नाही.

रिटायर झाल्यापासून या कामातल्या नवीन पोरींना शिकवायला बोलावतात तेव्हा सांगते, पुस्तिका मुलांना दाखवाल तेव्हा ‘आवडली का?’ असं विचारू नका. मुलं चांगल्या वळणाची असतात, हो म्हणतात.