हा कर

शिर्डीत आमच्या हारांच्या दुकानाशेजारी फोनवाल्याचं दुकान आहे. भर दुपारी त्याने हाक मारली, "वहिनी, गावाकडून फोन," आणि मी हातातला अर्धा हार तसाच घेऊन धावले. पलीकडे चुलते होते. "आक्के, आपला अमोल हिरीत बुडाला गं..." मी ओरडलेच त्यांच्यावर. "नाना, काहीतरी काय बोलता? अमोल कसा बुडेल?" आळीतल्या निम्म्या पोरांना पाठीला डबा बांधून ज्याने पोहायला शिकवलं, तो आमच्याच विहिरीत बुडतो, हे महिना होत आला तरी मला पटत नाही. अकरावीत होता माझा भाऊ.

आमचे वडील दारूने गेले, तेव्हा अमोल रांगत होता. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांनी भट्टी फोडली, त्यात पहिला धोंडा आईने घातला. एक गेला, दुसरा जाऊ द्यायचा नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. पुढे गावात रीतच पडली. दिवेलागणीला पोरं घरी आली की आया उंबऱ्यात उभ्या राहून म्हणायच्या, "हा कर." पोराने तोंड उघडून श्वास सोडायचा, आईने वास घ्यायचा, मगच पोरगं आत. अमोल तर मुद्दाम कांदा खाऊन यायचा आणि आईच्या नाकाशी असा जोरात "हाऽऽ" करायचा की ती पदराने नाक दाबून धपाटा घालायची. "मेल्या, चूळ भर जा!" आणि मग आळीभर सांगायची, "माझं पोरगं निर्मळ हाय."

तालुक्याच्या कॉलेजात जायला लागल्यापासून तो हसायला फार लागला होता. दिवाळीत माझ्याकडे आला, तेव्हा फिरत्या पंख्याकडे बघून इतका हसला की सासूबाई घाबरल्या. मग ताटभर भात खाऊन पुन्हा भात मागितला. पोराच्या अंगाला लागतंय म्हणून आम्ही खूश... धुणं धुताना आईला त्याच्या खिशात चकचकीत कागद सापडायचे. "पोट डब्ब हुतं गं, पाचक गोळी हाय," तो म्हणायचा. कागदावरही तसंच छापलेलं होतं. पोरगं पोटाला जपतंय, याचं आईला कौतुकच वाटायचं.

दहाव्याहून सगळे घरी आले, तेव्हा राजू, त्याचा जिवलग मित्र, ओसरीवर बसून हमसून हमसून रडायला लागला. भांगेच्या गोळ्या होत्या त्या. स्टँडजवळच्या टपरीवर मिळतात, कॉलेजातली किती पोरं खातात. त्या दिवशी दोघांनी जरा जास्तच खाल्ल्या होत्या. "आक्का, दारू न्हाई ना, म्हून आमाला काय वाटलं न्हाई... अमोल पान्यात उतरला आन् हातच मारीना. मला वाटलं, चेष्टा करतोय."

आई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "मंग वास का न्हाई आला रं?"

पाचक म्हणे! जळो तो कागद. मी त्या टपरीवर जाऊन घसा फाटेस्तोवर भांडून आले. तो बाबा पानाला चुना लावता लावता म्हणाला, "ताई, मी काय कुनाच्या तोंडात कोंबत न्हाई." माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते संतापाचंच होतं.

परवा पुन्हा गावी गेले. दिवे लागले, तशी आई सवयीने उंबऱ्यात जाऊन उभी राहिली. शेजारची पोरं आपापल्या घरी आली, "हा" करून आत गेली. आई वळली आणि खुंटीवरचा अमोलचा निळा शर्ट काढला. तो तिने अजून धुतलेला नाही. कॉलर नाकाशी धरून ती कितीतरी वेळ तशीच उभी...

"आक्के, तू बघ गं जरा. मला काहीच वास येईना."

मी शर्ट नाकाशी नेला. काहीच नव्हतं. ना घामाचा, ना कांद्याचा.

"येतोय, आई," मी म्हटलं. "थोडा थोडा येतोय."