आईला सांगितलेलं खोटं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साताऱ्यात बेड मिळाला नाही, म्हणून धाकट्या भावाला मी सांगलीला नेलं. लष्करातून निवृत्त होऊन त्याला दोनच वर्षं झाली होती. सहाव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला.

स्मशानात मी एकटाच होतो. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला देह समोर आणला, त्यावर चिकटवलेल्या कागदावर भावाचं नाव होतं. मी म्हणालो, "एकदा तोंड दाखवा." कर्मचारी म्हणाला, "उघडता येत न्हाई, सर. आमाला बी वाईट वाटतंय." मी लांबूनच हात जोडले.

घरी आलो तर आई अंगणातच बसली होती. "त्वांड बघितलंस न्हवं त्याचं?"

"बघितलं," मी म्हणालो. "झोपल्यासारखा दिसत होता."

त्या एका वाक्यावर तिनं वर्ष काढलं. आल्यागेल्याला तेच सांगायची.

वर्षानं गावानं त्या लाटेत गेलेल्या सगळ्यांची मिळून एक शोकसभा घ्यायची ठरवलं. तेव्हा कुणाच्या दारात कुणाला जाता आलं नव्हतं, मातीला चार माणसं मिळाली नव्हती. देवळापुढं मांडव घातला, फोटो ओळीनं मांडले. मग नवरा गेलेली एक बाई उठली. "आमाला त्वांड दावलं न्हाई," एवढंच म्हणाली आणि खाली बसली. मागून एक म्हातारा म्हणाला, "माज्या पोरीचं बी न्हाई." मग एकेक घर तेच सांगू लागलं. बायका मोठ्यानं रडू लागल्या. आई रडत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

"तुला कसं दावलं रं?"

शाळेत रोज पोरांपुढं बोलणारा मी, पण मला खोटंही सुचेना आणि खरंही बोलवेना. मी मान खाली घातली.

"मंग त्यो आपलाच हुता कशावरनं?" आई म्हणाली.

घरी आल्यावर तिनं भावाच्या फोटोचा हार काढला. भावजयीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला, आईनं पुन्हा काढला. दोघींत शब्द झाला नाही, पण महिनाभरात भावजय शिरवळला कंपनीत कामाला लागली आणि तिथंच खोली घेऊन राहिली. दर वर्षी सभा घ्यायचं ठरलं होतं. पुढच्या वर्षी कुणी विषयच काढला नाही.

आई माझ्या हातचं जेवते, औषध घेते. माझ्याशी बोलत मात्र नाही.