गुडघ्यांमधली फट

आमचा राजाजीनगरातला कन्नड शेजारी कायम पाय फाकवून उभा असतो. पोलीस भरतीच्या वैद्यकीय तपासणीत, गुडघे एकमेकांना लागतात म्हणून डॉक्टरांनी त्याला बाद केलं, आणि तो हायकोर्टात गेलाय. तेव्हापासून दुधाच्या रांगेतसुद्धा विचारतो, "अक्का, फट दिसते ना?" मला कधीच दिसली नाही, पण शेजारधर्म म्हणून मी मान डोलावते.

परवा भाजी घेताना माझी पर्स एकाने हिसकावली. शेजारी तिथेच होता, तो सुसाट धावला आणि चोराला कॉलर धरून घेऊन आला. पर्स हातात देत म्हणाला, "मोबाइलवर घेतलंत ना?"

"चोराला?"

"नाही हो, माझे गुडघे! वकिलाला दाखवायचेत."

मी कुठलं घेतेय! त्याने मला मोबाइल काढायला लावला, चोराची कॉलर सोडली आणि त्याला म्हणाला, "अण्णा, स्वल्प, जरासं, परत पळ."